नक्कल मुळाबरहुकूम नाही

ताई, तुला धाकट्याचा वाकून नमस्कार. वाकून म्हणजे कंबर जितकी परवानगी देते तितकाच. उरलेला तू मनानं धरून घे. तुझे गुडघे जिना चढू देतात का, भावोजींचा खोकला अजून त्यांच्या आधी खोलीत शिरतो का, आणि शेजारणीनं नेलेली शिडी परत आली का, हे सगळं सविस्तर कळव. इकडचं विचारशील तर आम्ही तिघंही आहोत. ‘बरे आहोत’ असं लिहिणार होतो, पण तू लहानपणापासून माझं खोटं पकडत आली आहेस, म्हणून ‘आहोत’ एवढंच लिहून थांबतो. दादा आहे, वहिनी आहेत, मी आहे. शिवाय भिंतीवरचं घड्याळ आहे. जेवताना या घरात काही ऐकू येतं ते त्याचंच.

हे पत्र कागदावर कशाला, असं तू म्हणशील. गेल्या खेपेला मी कार्यालयातून तुला ई-मेल केली होती आणि तू कौतुकानं फोन केला होतास, की धाकटा सुधारला. धाकटा सुधारला नव्हता, फक्त त्याला अजून पेटी माहीत नव्हती. आमच्या कार्यालयात एक पेटी बसवली आहे. दिसायला बुटांच्या खोक्याएवढी, समोर हिरवे दिवे, आणि काम काय म्हणशील तर येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट मधल्या मध्ये फोडायचं, वाचायचं, पुन्हा डिंक लावून पुढे पाठवायचं. म्हणजे मी तुला लिहिलेलं ‘दादा हल्ली कोणाशी बोलत नाही’ हे वाक्य आधी पेटीनं वाचलं आणि मग तू. (पेटीला काय वाटलं कोण जाणे. तिनं पुढे तरी पाठवलं, एवढा तिचा चांगुलपणा.) तेव्हा या पाकिटाचा डिंक मी स्वतःच्या जिभेनं लावणार आहे. तो जर उखडलेला दिसला तर टपालवाल्यावर संशय घे, माझ्यावर नको.

माझी नोकरी तुला ठाऊक आहेच, पण तिची तळघरात बदली झाल्याचं तुला कळवलं नव्हतं. लिफ्टच्या कंपनीत राहून जमिनीखाली जाऊन बसलेला मी एकटाच असेन. खोलीला खिडकी नाही. एक टेबल, एक संगणक, तक्रारींचा फोन आणि छताजवळून जाणारा एक पाइप, जो अधूनमधून आवंढा गिळतो. अडकलेल्या लिफ्टमधली माणसं आतल्या बटणावरून थेट मला फोन करतात आणि मी त्यांना ‘घाबरू नका, माणूस निघाला आहे’ असं सांगतो. माणूस कधी निघालेला असतो, कधी चहा पीत असतो. प्रत्येक लिफ्टमध्ये काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र लावलेलं असतं, की ही लिफ्ट अमुक तारखेपर्यंत तपासलेली आहे. इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, पण ते वाचून मागे फिरलेला आणि जिना धरलेला एकही माणूस मी पाहिला नाही. तारीख उलटून गेलेली असली तरी लोक आत शिरतात, भांग नीट करतात आणि वर जातात.

आमच्या संगणकांचंही नेमकं हेच झालं. पेटी बसली त्या सकाळी सगळ्यांच्या पडद्यावर एक पान आलं. लाल त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, आणि खाली ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात.’ माझी तर पाचावर धारण बसली. माझ्याजवळ चोरण्यासारखं काय, तर कोणत्या इमारतीची लिफ्ट कोणत्या मजल्यावर कुरकुरते याची माहिती. पण आपली ती आपली. वरच्या मजल्यावर बँकेचं पान उघडायला जावं तर लाल, सुट्या भागांची मागणी नोंदवावी तर लाल, हवामान बघावं तरी लाल. दुपारपर्यंत कोणीतरी शोध लावला, की खाली बारीक अक्षरात ‘प्रगत’ असं लिहिलंय, ते दाबलं की आणखी बारीक अक्षरात ‘पुढे जा (असुरक्षित)’ असं येतं, आणि ते दाबलं की झालं. आठवड्याभरात आमच्या हिशेबनीस बाई न बघता, चष्मा पुसता पुसता ‘असुरक्षित’वर बोट ठेवायला शिकल्या. साहेबांनी तर प्रत्येक पडद्याखाली चिठ्ठी डकवून घेतली: ‘लाल पान आल्यास घाबरू नये. खाली दाबावे.’ सबंध कार्यालय दिवसभर सुपारी चघळावी तसा धोका पत्करत होतं आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

मग कुंपणबाई आल्या. त्यांचं हे नाव मी ठेवलेलं नाही, त्यांच्या कामाचं खरं नाव कोणाला उच्चारता येत नाही म्हणून ते पडलं. जाळ्याचं कुंपण सांभाळणाऱ्या त्या एकट्या. बारीक अंगाच्या, गळ्यात किल्ल्या, आणि कधी रडून आल्यासारखे डोळे, पण ते म्हणे पडद्यामुळे. त्यांनी ती चिठ्ठी वाचली, साहेबांच्या खोलीत गेल्या, दार लावलं, आणि बाहेर आल्या तेव्हा साहेबांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या ओरबाडून काढायला सुरुवात केली. मग बाईंनी टेबलाटेबलाशी जाऊन प्रत्येक संगणकाच्या कानात सांगितलं, की ही पेटी आपलीच आहे, तिनं डिंक लावलेलं पाकीट खरं समज. लाल पान गेलं. त्याबरोबर ‘पुढे जा’ हा रस्ताही त्यांनी कायमचा बुजवला. म्हणजे आता जे पान लाल येईल ते खरंच लाल, आणि तिथून पुढे जायला वाट नाही. सगळे खूश झाले. सबंध कार्यालयात लाल पान उरलं ते एकच, आणि ते माझं.

आता मी पहिल्यापासून सांगायला लागणार आहे. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण जीव कातावला की मला मधूनच सुरुवात करता येत नाही, हेही तुला ठाऊक आहे.

दादानं उभी नोकरी नकला-कचेरीत काढली. काम एकच, रुजवात. मूळ कागद एकानं मोठ्यानं वाचायचा, नकलेवर दुसऱ्यानं शब्दाशब्दाला पेन्सिलीनं टिचकी, म्हणजे बरोबरची खूण, मारत जायचं, आणि शेवटी ‘नक्कल मुळाबरहुकूम आहे’ असा शेरा मारून सही ठोकायची. निवृत्त झाला तरी तांब्याच्या टोपणाची ती लाल पेन्सिल त्याच्या खिशात असते. औषधाच्या बाटलीवरचा कागद आणि डॉक्टरची चिठ्ठी यांचीही तो रुजवात घेतो. अशा माणसाच्या घरात त्याच्याच मुलीनं, आपल्या चिमीनं, लग्न ठरवून तो मुलगा आणला. वसतिगृहात वाढलेला, आईबाप नाहीत, मामा नाही, काका नाही, जिथं चौकशी करावी असं गावही नाही. दादानं विचारलं, तुमच्याबद्दल सांगणारं कोण? तो म्हणाला, मीच सांगतो, काहीही विचारा. पोरगं सरळ होतं गं, पण दादाच्या लेखी स्वतःच्या नकलेवर स्वतःच सही करणं म्हणजे नोकरी जायचं काम. तू तेव्हा मध्ये पडलीस, मुलगा चांगला आहे म्हणालीस, आणि त्यांचं लग्न तुझ्या घरून झालं. तेव्हापासून आपल्या घरात त्याला नाव नाही. निघालाच विषय तर दादा ‘तो इसम’ म्हणतो, आणि आता विषयही निघत नाही.

चिमीला मुलगी झाल्याचं तू कळवलंस तेव्हा वहिनी पोळपाटाशी होत्या. त्यांनी हात धुतले, पुसले आणि पुन्हा लाटायला बसल्या. चिमीनं फोटोंचं पाकीट पाठवलं, ते दादानं न फोडता ‘घेण्यास नकार’ लिहून परत केलं. (अक्षर सुरेख. त्याचं अक्षर वाईट बातमीतही सुरेख येतं.) दुसऱ्या दिवशी मी जोडे घालत होतो तेव्हा वहिनी दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, “भावजी, तुमच्या ऑफिसात त्या मशीनवर बघता येतं म्हणे. मला एकदा दाखवाल?”

ताई, हे मात्र तुला ठाऊक नाही, कारण वहिनींनी मला शपथ घातली होती आणि ती मी आता मोडतो आहे. त्यांना काचबिंदू आहे. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्यानं मधलं तेवढं दिसतं, कडा काळ्या होत आत सरकताहेत. थेंब चालू आहेत, पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल ते बघायचं. डॉक्टरांकडे मीच नेतो. दादाला वाटतं त्यांना नवा चष्मा हवा आहे. तांदूळ निवडताना ताट तोंडाजवळ नेतात, आणि तो आत आला की खाली ठेवतात. तेव्हा नातीचं तोंड बघायचं ते कधीही बघून चालणार नाही.

मी चिमीला फोन केला. (माझा फोन बटणांचा आहे. चांगला होता तो एका इमारतीत लिफ्ट आणि मजला यांच्यामधल्या फटीतून खाली खड्ड्यात गेला. फट दोन बोटांची, फोन तिच्या मापाचा. आमच्याच कंपनीची लिफ्ट.) ती म्हणाली, काका, फोटो बाहेर कुठे ठेवलेले नाहीत, यांना बाळाचा चेहरा परक्या कंपन्यांच्या हाती द्यायचा नाही, म्हणून यांनी घरीच एक जुना संगणक बुटांच्या कपाटात ठेवून त्यावर पान केलंय, आपल्या माणसांसाठी. परवलीचा शब्द सांगते, उघडा. मला तो विचार आवडला. आमच्या ई-मेलला जोडलेली चित्रं पेटी गिळते, त्यामुळे दुसरा रस्ताही नव्हता. मी तळघरात जाऊन, दार लोटून, हात स्वच्छ धुऊन (का ते विचारू नकोस) ते पान उघडलं, आणि समोर लाल त्रिकोण. हल्लेखोर तुमची माहिती चोरण्याचा प्रयत्न करत असू शकतात. खाली वाट नाही. बाजूचा पाइप आवंढा गिळतोय, आणि कोणत्या तरी तिसऱ्या मजल्यावरची बाई फोनवर मला विचारतेय, की माणूस निघाला का.

कुंपणबाईंकडे गेलो. त्यांनी आपल्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, यानं स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिलंय, म्हणून पेटी अडवते. ताई, मी खुर्ची ओढून बसलो. मी म्हटलं, बाई, हे वाक्य आमच्या घरात आधी एकदा बोलून झालंय. त्यांना वाटलं मी चक्रम आहे, पण त्यांनी समजावून सांगितलं. संगणक म्हणे जगात कोणालाच ओळखत नाही. त्याच्याजवळ काही मोजकी नावं आधीपासून दिलेली असतात, त्यांच्यावर त्याचा डोळे मिटून विश्वास. ती नावं ज्याची हमी घेतात तो चालतो, आणि त्यानं ज्याची हमी घेतली तोही चालतो. मधे ओळखीचं कोणी नसलं तर माणूस कितीही सरळ असो, लाल पान. मी विचारलं, मग ज्याचं कोणीच नाही त्यानं काय करायचं? म्हणाल्या, एक जुना मार्ग आहे. प्रत्येक प्रमाणपत्राला बोटाच्या ठशासारखा एक ठसा असतो, दोन ओळींचा, आकडे नि इंग्रजी अक्षरं मिळून जोड्या-जोड्यांचा. तो ठसा घ्या, समोरच्याला फोन करा, त्यानं आपल्याजवळचा वाचायचा, तुम्ही तुमचा बघायचा. जोडी न् जोडी जुळली तर तो खरा. मग मी त्याला पेटीतून वाट करून देते. त्या आणखीही काही म्हणाल्या, की ठसा बाहेरच्या लाइनवरून घ्या वगैरे. पण तोवर माझं अर्धं डोकं तांदळाच्या ताटाकडे गेलं होतं. मी तळघरात आलो, लाल पानाच्या पोटात शिरून ठसा शोधला, छापला, घडी घातली आणि छातीच्या खिशात ठेवला.

रविवारी दुपारी दादा आत आडवा झालाय असं बघून मी मागच्या गॅलरीत गेलो. चिमीकडे फोन लावला, तिनं नवऱ्याला दिला. ओळख झाली, ‘काका, नमस्कार’ झालं, आणि तो वाचायला लागला. एका हातात कागद, दुसऱ्यात फोन, कानाला लावला तर बटणं दिसत नाहीत, चष्मा घातला तर घामानं घसरतो, पेन्सिल तोंडात. मी फोन कठड्यावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला. तो एक जोडी वाचतो, मी ती पुटपुटतो, कागदात शोधतो, तोवर जागा हरवते, मी पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणतो. तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून. वहिनी दारात उभ्या होत्या, पण त्यांना ती अक्षरं दिसणं शक्य नव्हतं. असं तिसऱ्यांदा चाललं असताना मागून आवाज आला, “कोण आहे तो रुजवात घेणारा गाढव?”

दादा. बनियनवर, केस विस्कटलेले. मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे, लिफ्टच्या भागांचे नंबर. (खोटं आहे, पण नंबरांसारखे ते दिसत होतेच.) तो म्हणाला, “वाचणारा वेगळा, टिचकी मारणारा वेगळा, एवढंही शिकवलं नाही तुमच्या कंपनीनं? आण तो कागद.” आणि त्यानं स्टूल ओढलं, लाल पेन्सिल काढली, मांडीवर पाट घेऊन कागद त्यावर सरळ केला आणि फोनकडे बघून हुकूम सोडला, “वाचा. सावकाश. एक जोडी, मग थांबायचं. मी ‘आहे’ म्हटल्यावर पुढची.” पलीकडून आवाज आला, “हो.” दादानं आवाज ओळखला नाही असं मला वाटलं. वहिनींकडे मी बघितलंच नाही.

पहिली जोडी वाचली. दादा म्हणाला, “नाही.” दुसरी. “नाही.” तिसरी. “नाही.” मी म्हटलं, राहू दे, चूक झाली असेल. दादानं माझ्याकडे बघितलंही नाही. रुजवात म्हणे एकदा सुरू झाली की मध्ये सोडायची नसते, शेवटपर्यंत न्यायची आणि प्रत्येक फरकाला गोल करायचा. तो एकेका जोडीभोवती गोल काढत गेला. समोरचा वाचत गेला. त्याचा आवाज प्रत्येक ‘नाही’ला बारीक होत चालला होता. दुसऱ्या ओळीत कुठेतरी एक जोडी योगायोगानं जुळली आणि दादा “आहे” म्हणाला, तेव्हा पलीकडे त्यानं सुटकेचा निःश्वास टाकलेला आम्हा सगळ्यांना ऐकू आला. आणि तेवढ्यात तिथं मागे बाळ रडायला लागलं.

दादाची पेन्सिल थांबली. कोण रडतंय, असं त्यानं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “मुलगी. उठली वाटतं.” घड्याळ आतल्या खोलीत आहे, तरी ते मला गॅलरीत ऐकू आलं. वहिनींनी दाराची चौकट धरली होती. दादानं पेन्सिल कागदावर आडवी ठेवली आणि म्हणाला, “तिला आधी घ्या. रुजवात थांबते.” रडणं जवळ आलं, मग हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग नुसतं फुरफुरणं राहिलं, ते सगळं त्या टिचभर फोनमधून आमच्या कठड्यावर सांडत होतं. मग दादा म्हणाला, “पुढची जोडी.” उरलेल्या सगळ्या जोड्या त्यानं बघितल्या. एकही जुळली नाही. त्यानं खाली सही केली, ‘नक्कल मुळाबरहुकूम नाही’ असं लिहिलं, कागद माझ्या हातात दिला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

सोमवारी मी तो गोलांनी भरलेला कागद कुंपणबाईंपुढे ठेवला. त्यांनी पहिल्याच ओळीवर कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “अहो, हा त्याचा ठसा नाहीच. हा आपल्या पेटीचा! ती मधे बसून पाकीट बदलते, म्हणून तर बाहेरच्या लाइनवरून घ्या म्हटलं होतं.” कळलं ना ताई? पोरगं आपला खराच ठसा वाचत होतं. खोटा कागद माझ्या खिशात होता, तोही मी घडी घालून छातीशी जपून आणलेला. ज्या माणसाची उभ्या जन्मात एक टिचकी चुकली नाही त्याच्या हातात मी तो दिला, आणि त्यानं तो प्रामाणिकपणे खोटा ठरवला. आता त्याच्या दृष्टीनं विषय संपला. तो इसम स्वतःबद्दल सांगतो ते जुळत नाही, हे त्यानं स्वतःच्या पेन्सिलीनं तपासून पाहिलंय. माझ्यासारखा करंटा तूच दाखव.

मी दादाला पेटीचं सांगून पाहिलं. तो म्हणाला, फरक निघाला की सगळेच कारकून मधल्या माणसावर ढकलतात. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. दादाचा चिमीवर आणि त्या मुलावर विश्वास नाही, त्यांचा दादावर नाही, माझ्यावर तर लिफ्टमधल्या लोकांचाही नाही. दोन्हीकडचा विश्वास आहे तो तुझ्या एकटीवर. तू दादाला एक पत्र लिही, तुझ्या त्या दरडावणीच्या भाषेत, की खोट होती ती पेटीत, मुलात नव्हती. तुझं तो ऐकेल. निदान कागद तरी पुन्हा बघेल.

भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना जपणे. इथलं हवामान विचारशील तर मी तळघरात असतो.

तुझा, पेटीनं न वाचलेला,
धाकटा

ता. क. शिडी आली नसेल तर स्वतः जाऊन उचलून आण. भिडेखातर घरात अंधार ठेवू नये.

ता. क. दुसरा. थांब. पाकिटाला डिंक लावायचा राहिला होता म्हणून बरं झालं. आज सकाळी मी जोडे घालत होतो तर दादा दाराशी आला (या घरात माझ्याशी बोलायचं असलं की सगळे जोड्यांपाशीच गाठतात) आणि तो गोलांचा कागद मागून घेतला. त्यावर आपल्या सुरेख अक्षरात त्यानं खाली लिहिलं: ‘फरक असल्याने केवळ नकलेवरून अंतिम शेरा देता येत नाही. मूळ समक्ष हजर करावे.’ मी विचारलं, मूळ म्हणजे काय आणू? तो जोड्यांकडे बघत म्हणाला, “तो इसम. चिमी. आणि मागे जो आवाज येत होता तो.” तेव्हा ताई, वरचं माझं मागणं रद्द. दादाला पेटीबद्दल चकार शब्द लिहू नकोस! खोट पेटीची निघाली तर फरक मिटला, आणि फरक मिटला तर त्याला त्यांना बोलवायला निमित्त उरत नाही. त्याला चुकीचंच राहू दे. तू एवढंच कर, की ‘हजर करावे’ याचं चिमीपाशी ‘या’ असं करून सांग, आणि तू स्वतः बरोबर ये, नाहीतर ती दोघं निघणार नाहीत.

ता. क. तिसरा. कुंपणबाईंनी बाहेरच्या लाइनवरून ठसा घ्यायला लावला, मी त्या मुलाला पुन्हा फोन केला, सगळ्या जोड्या जुळल्या, आणि त्यांनी वाट उघडून दिली. लाल पान गेलं. म्हणजे फोटो आता छापून आणता येतील. मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “नको, भावजी. कागद आणलात तर हे कागदच तपासत बसतील.” म्हणून मीही पान उघडलेलं नाही. पण त्यांच्या डोळ्याचं लक्षात ठेव आणि गुडघ्यांची सबब सांगू नकोस. लवकर ये.

आणि एक. मी आत्ता हे लिहितोय तर मधल्या खोलीत काहीतरी ओढल्याचा आवाज येतोय. जाऊन बघून आलो. दादानं आपलं टेबल भिंतीपासून हलवून खिडकीपाशी नेलंय आणि स्वतःची खुर्ची सोडून वहिनींची खुर्ची तिथं उजेडात मांडली आहे. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, “तुझी वहिनी ताट तोंडाजवळ नेते ते मला दिसत नाही असं वाटलं काय तुम्हा दोघांना? मूळ आलं की नाक, डोळे, कान मी वाचून दाखवीन. टिचकी ती मारेल.”